तिघांची नाकं आणि जांभळी वडी

"म्हणजे आम्ही तिघं जन्मभर नाकात बोळे घालून बसलो होतो, असंच म्हणायचंय ना तुला?" सासूबाईंनी चमचा ताटलीत असा टाकला की तो उडून टेबलावर आला.

"बोळे नाही, आई. नाकं उघडीच होती. त्यांना तो एक वास येत नाही, एवढंच."

"एवढंच! ऐकलंस रे? एवढंच म्हणते!"

ऐकलं का, असं ज्याला विचारलं तो तिचा नवरा ताटलीतल्या भाताकडे बघत होता. बायको आणि आई समोरासमोर आल्या की त्याला भातात नेहमीच काहीतरी खडा सापडायचा.

"वहिनी, मला एकच सांगा," नणंद म्हणाली. "पाच महिने तुम्हाला झोप कशी लागली?"

"छान लागली, वन्सं. डोकं दुखायचं थांबलं होतं."

रविवारची दुपार होती. कारखाना बंद होता आणि जेवण निम्म्यावर आलं होतं. भांडण मात्र सकाळच्या चहाला सुरू झालेलं, आंघोळींपुरतं थांबलेलं, आणि आता तिसऱ्यांदा पहिल्या वाक्यापासून सुरू झालेलं. टेबलाच्या एका बाजूला ते तिघं आणि दुसऱ्या बाजूला ती. कुणी मुद्दाम तशी बसवाबसव केली नव्हती. बावीस वर्षं ते असेच बसत आले होते.

घराच्या मागे, दोरीवर कपडे वाळत घालण्याएवढं अंगण सोडलं की पलीकडे साबणाचा कारखाना. कारखाना म्हणजे धुराडं, भोंगा असलं काही नाही. चार खोल्या आणि सतरा माणसं. पोत्यांतून साबणाचा पांढरा चुरा येतो, मिश्रणाच्या खोलीत त्यात रंग आणि वास घालतात, यंत्रातून दाबून लांब कांडी काढतात, कांडीचे तुकडे करून त्यांवर ठसा मारतात, की झाली वडी. वड्या तीन प्रकारच्या. हिरवी आणि पिवळी चारचौघांसारख्या. नाव होतं ते जांभळीचं. छोट्या जांभळ्या फुलाच्या वासाची ती वडी सासऱ्यांनी काढली होती आणि घर तिच्यावर उभं होतं.

प्रत्येक बॅचमधली पहिली वडी वासाच्या टेबलावर जाई. तिथे सासूबाई, नवरा आणि नणंद बसत. वडी मधोमध कापायची, तिघांनी हुंगायची, तिघांनी खोक्याच्या चिठ्ठीवर सही करायची. त्या तीन सह्यांशिवाय खोकं बाहेर पडत नसे. बाहेरचा माणूस त्या टेबलावर कधी बसला नाही. सासूबाईंचं मत पक्कं होतं, की वास बघणं हे घरच्या नाकांचं काम, पगारी नाक मालकाच्या तोंडाकडे बघून वास घेतं.

लग्न होऊन ती आली तेव्हा तिनं साधेपणानं विचारलं होतं, "मग मी बसू का टेबलावर?"

सासूबाई हसल्या होत्या. "तू घरचीच गं. पण नाक माहेरचं आहे ना!"

सगळे हसले, तीही हसली. नवी सून सगळ्यांबरोबर हसते. तिला काम मिळालं पट्ट्या कापायचं. नवा अर्क आला की कागदाच्या अरुंद पट्ट्या त्यात बुडवून हुंगतात. त्या तिनं कापायच्या, बुडवायच्या, तिघांच्या हातात द्यायच्या आणि मागे उभं राहायचं. म्हणून कारखान्यात तिचं नाव पडलं पट्टीबाई. पुढे तिचा हात काट्यावर स्थिर आहे हे लक्षात आल्यावर मिश्रणाची खोलीच तिच्याकडे आली, चार बायका तिच्या हाताखाली आल्या, पण नाव पट्टीबाईच राहिलं.

खरं तर नाकाच्या बाबतीत ती लहानपणापासून अवघड होती. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. शाळा सुटली की ही तिथे जाऊन चादरींच्या ढिगावर अभ्यासाला बसायची, आणि सात-आठ वर्षांची असताना ढिगातली कुठली चादर नीट खळबळून निघालेली नाही हे न उलगडता सांगायची. मुकादम तिला चेष्टेनं तपासनीस म्हणायचा, आणि ती म्हणेल ती चादर मात्र गुपचूप परत टाकीत टाकायचा. मोठेपणी तिला कुणी विचारलं असतं, तुझं कशावाचून अडलं, तर तिनं तो मुकादम सांगितला असता. तिच्या नाकाचं ऐकणारा दुसरा माणूस तिला पुढे भेटला नाही.

सासरच्या पहिल्या सकाळी सासूबाईंनी तिच्या हातावर कोरी जांभळी वडी ठेवली होती, कागदातली, कौतुकानं. ती आंघोळ करून आली ती कपाळ धरूनच. "आई, वास सुंदर आहे. पण जरा जास्त होतोय का?"

स्वयंपाकघरात सगळ्यांनी आपापले हात हुंगले. मग नणंद म्हणाली, "जास्त? मला तर आज कमीच वाटतोय."

तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. वास जास्त आहे म्हटलं की नाक मुरडते. गप्प बसली की तोंड फुगवते. स्वतःसाठी हिरवी वडी आणली तर सासरच्या मालावर रुसलीय. मुलगी, आता शिकायला बाहेरगावी असते ती, चार वर्षांची असताना आजीच्या न्हाणीघरातून नाक दाबून पळत आली, तेव्हा तर कहर झाला. "लेकराला शिकवून ठेवलंय!" सासूबाई म्हणाल्या. मुलीला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिला आईचं नाक आलं होतं. पण हे तेव्हा कोण सांगणार, आणि कुणाला?

सासरे गेले ते हिच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी. त्यांच्या हातची कृती शंभर किलो चुऱ्याला शंभर ग्रॅम जांभळा अर्क, अशी होती. ते गेल्यावर वर्षभरात सासूबाईंनी टेबलावर जाहीर केलं, की अर्क उतरलाय, पुरवठादार पाणी घालतो. दीडशे झाले. मग दोनशे. मग अडीचशे. "जांभळीला एक आंबूस ताजेपणा पाहिजे," सासूबाई म्हणत, "तो यायला लागला की समजायचं, जमली." तो आंबूस ताजेपणा शेवटी तीनशेवर आला. तिघांनी हुंगलं, तिघांनी माना डोलावल्या. मिश्रणाच्या खोलीतल्या बायका तोवर नाकाला फडकं बांधून काम करायला लागल्या होत्या.

दुकानदारांकडून खोकी परत यायला लागली. लोक म्हणतात डोकं धरतं, असा निरोप यायचा. "डोकं धरतं म्हणजे वास पोचला," सासूबाई म्हणायच्या. हिनं सांगायचं सोडलं नव्हतं. ती काट्यापाशी सांगे, जेवताना सांगे, नवऱ्याला एकट्यात सांगे. नवरा म्हणायचा, "अगं, तिघं एक म्हणतात आणि तू एकटी वेगळं म्हणतेस. तूच सांग, मी काय समजायचं?" त्याचंही चुकत नव्हतं. तीन विरुद्ध एक असताना माणूस मोजणारच. ती तिन्ही एकाच मुशीतली आहेत, म्हणजे मोजायला मुळात एकच आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्याही आलं नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वी एका जुन्या दुकानदाराकडून परत आलेलं खोकं तिनं स्वतः उघडलं. आतल्या एका वडीवर कुणीतरी नखानं फुली मारली होती. ती ते खोकं घेऊन वासाच्या टेबलाशी गेली. तिघांनी वडी हुंगली. "काय वाईट आहे यात?" नवरा म्हणाला. "ताजी आहे," नणंद म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "त्या दुकानदाराला सर्दी असेल."

ती परत मिश्रणाच्या खोलीत आली, अर्काचा डबा उघडला आणि काट्यावर दीडशे ग्रॅम मोजले. खोलीतल्या वहीत तिनं दीडशेच लिहिले, स्पष्ट, तारखेसकट. वहीची पानं कारखान्यात दुसरं कुणी उलटत नसे, पण खोटं लिहायचं तिच्या मनात आलं नाही. वडी टेबलावर गेली. तिघांनी हुंगली.

"अगदी बेताची," सासूबाई म्हणाल्या आणि सही केली.

ती मागे उभी होती, पट्ट्यांचा डबा हातात घेऊन. हसू आलं की रडू, ते तिला अजूनही नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात बायकांनी नाकावरची फडकी सोडली. दोन महिन्यांत खोकी परत यायची थांबली. "बघा," सासूबाई टेबलावर म्हणाल्या, "लोकांना जांभळी कळायला वेळ लागला, पण कळली." आणि ही मागे उभी राहून पुढची पट्टी कापत राहिली.

हे असंच आणखी किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. पण काल, शनिवारी, अर्क पुरवणाऱ्या कंपनीतली केमिस्ट बाई स्वतः आली. चाळिशीची, पायात सपाट बूट, हातात पेटी. सासूबाईंना म्हणाली, "तुमची जांभळ्या अर्काची मागणी निम्म्यावर आलीय. आमच्या मालात काही खोट असेल तर तोंडावर सांगा. दुसरीकडून घेत असाल तर तेही सांगा."

"निम्म्यावर?" सासूबाई चमकल्या. "आम्ही एक थेंबही कमी केलेला नाही."

नणंदेनं ऑर्डरचे कागद काढले. मिश्रणाच्या खोलीतून येतील ते आकडे ती नुसते उतरवून पाठवायची. मागणी खरोखरच निम्म्यावर आली होती. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ही मिश्रणाच्या खोलीतून हात पुसत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "मी कमी केलाय. पाच महिने झाले. वहीत आहे."

तेव्हा जे झालं ते वेगळं सांगायला नको. नवरा खुर्चीतून उठला आणि परत बसला. नणंद म्हणाली, "घरातच चोर!" "चोरी काय केली? तुमच्याच डब्यात ठेवला ना अर्क?" असं ही म्हणाली. सासूबाईंनी मात्र ऑर्डरचे कागद ओढून घेतले. मग म्हणाल्या, "आणि आम्हाला कळलं नाही?"

हाच प्रश्न होता. केमिस्ट बाईनं तो ऐकला आणि जायला उठलेली ती परत बसली. "आजी, चांगल्या जांभळीचा वास तुम्हाला कसा येतो?"

"ताजा. जरा आंबूस."

"आंबूस," केमिस्ट बाई म्हणाली आणि पेटी उघडली.

तिनं अर्क पातळ केला, साबणात असतो तेवढाच. मग पट्ट्या मागितल्या. पट्टीबाईनं सवयीनं डबा पुढे केला, तर ती म्हणाली, "तुम्ही नाही. तुम्हीही बसा." आणि पट्ट्या स्वतः बुडवल्या, पाठ करून. प्रत्येकापुढे तीन पट्ट्या, दोन सारख्या, बिनवासाच्या, आणि एक वेगळी, अर्काची. वेगळी कुठली ते सांगायचं. असं सहा वेळा.

बावीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या टेबलावर बसली. टेबलाखाली एक खिळा बाहेर आलेला होता आणि तो गुडघ्याला लागत होता. इतकी वर्षं या लोकांनी तो ठोकून का घेतला नाही, एवढाच विचार तेव्हा तिच्या डोक्यात आला.

सासूबाईंची दोन उत्तरं बरोबर आली. नणंदेची तीन. नवऱ्याचं एक, तेही त्यानं कंटाळून मधल्या पट्टीवर बोट ठेवलं म्हणून. हिची साही बरोबर आली, आणि पाचव्या वेळी तर तिनं पट्टी नाकापर्यंत न्यायच्या आधीच खाली ठेवली.

"कुठली पट्टी ते तिला आधीपासून माहीत असणार," नणंद म्हणाली.

"पट्ट्या मी बुडवल्यात," केमिस्ट बाई म्हणाली. ती काही हिच्या बाजूनं बोलत नव्हती. यंत्राचा कुठला भाग कशासाठी असतो ते सांगावं तशी सांगत होती. "नाकात अगदी वर, छोट्याशा जागेत, वास ओळखणारे रिसेप्टर असतात. जवळजवळ चारशे प्रकारचे. बहुतेक वास एका वेळी पुष्कळ रिसेप्टरना जागं करतात. त्यामुळे त्यातला एखादा मंद असला तरी माणसाच्या लक्षात येत नाही. पण या जांभळ्या फुलाच्या वासातला जो मुख्य रेणू आहे, बीटा-आयोनोन, त्याचं बरंचसं काम एकाच रिसेप्टरवर अडतं. तो रिसेप्टर कसा घडवायचा याची सूचना आपल्याला आईवडिलांकडून येते. त्या सूचनेत एका अक्षराचा फरक पडला की तो रिसेप्टर या रेणूला दाद देत नाही. मग वास येतच नाही, नाहीतर भरपूर ओतला की आंबट काहीतरी लागतं, व्हिनेगरसारखं."

"म्हणजे आम्हाला रोग आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"मुळीच नाही. अशी माणसं खूप असतात. बाकीचे वास तुम्हाला इतरांसारखेच येतात. फक्त या टेबलावर तिघंही तशीच बसली, आणि तिघंही एका रक्ताची." ती पेटी बंद करता करता पट्टीबाईकडे बघून म्हणाली, "यांचं नाक तेवढं बाहेरून आलेलं."

नाक माहेरचं. सासूबाई बावीस वर्षं जे चेष्टेनं म्हणत होत्या ते त्यांनी आता मुकाट ऐकून घेतलं. केमिस्ट बाई निघाली तेव्हा त्यांनी तिला दारातच थांबवलं. "आणि आमचे हे? त्यांचं नाक कसं असेल?"

"ते आता सांगता यायचं नाही. त्यांच्याकडे तशी एक सूचना असणार, नाहीतर मुलांत आली नसती. पण सूचना दोन असतात, आईची एक आणि बापाची एक. त्यांची दुसरी चांगली असेल तर त्यांना वास येत असेल. ते किती अर्क घालायचे?"

"शंभर," सासूबाई म्हणाल्या. मग त्या बसल्या त्या संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. आणि आज सकाळपासून त्या बोलायच्या थांबत नव्हत्या.

"हे बघा," नवरा आता भातातून वर बघत म्हणाला, "झालं ते झालं. दीडशे तर दीडशे. माल खपतोय ना? कामगारांना सांगू, नवा अर्क जहाल आलाय म्हणून मात्रा कमी केली. कुणाची अब्रू जायला नको."

"अर्क जहाल आलेला नाही," ती म्हणाली.

"अगं, मला माहीत आहे. पण सांगायला काय जातंय?"

"माझं जातंय."

"तुझं काय जातंय?" नवऱ्याचा आवाज चढला. हा माणूस चिडायचा तो नेहमी चुकीच्या वाक्यावर. "पाच महिने मला अंधारात ठेवलंस. रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतीस. एकदा तरी सांगायचं!"

"बावीस वर्षं सांगितलं," ती म्हणाली. "सांगून संपलं की माणूस करतो."

"वा!" नणंद म्हणाली. "उद्या आमच्या चहात साखरही निम्मी घालाल आणि पाच महिन्यांनी सांगाल."

"साखरेचं तुम्हाला पहिल्या घोटाला कळेल, वन्सं. म्हणून तर साखरेच्या वाटेला मी गेले नाही."

नणंदेला हसू आलं आणि ते आल्याचा राग आला. ती ताट उचलून आत गेली. नवराही हात धुवायला उठला. टेबलावरचं सगळं गोळा करून ही मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि भांडी विसळायला लागली. स्वच्छ झालेलं पातेलं तिनं परत दुप्पट जोरानं घासलं.

थोड्या वेळानं सासूबाई आत आल्या. पंचाहत्तरीच्या बाई, अजून ताठ. त्यांनी फडकं घेतलं आणि विसळलेल्या ताटल्या पुसायला लागल्या. हे काम त्यांनी गेल्या दहा वर्षांत केलं नव्हतं.

"कसा असतो गं तो?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"वास. जांभळीचा."

नळ बंद करून ती उभी राहिली. बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "गोड असतो," ती म्हणाली. "पण साखरेसारखा नाही. कोरडा. पावडरीच्या डब्याचं झाकण उघडल्यावर असतो ना, तसा काहीतरी, आणि गार. थोडा लाकडाचा. आणि आई, तो टिकत नाही. दोन-तीनदा हुंगला की जातो. साबण तोच असतो, पण नाकच थकतं म्हणतात. मग वडी बाजूला ठेवायची, थोडं थांबायचं, की परत येतो. पहिल्यासारखाच."

सासूबाईंच्या हातातली ताटली पुसून कोरडी झाली होती, तरी त्या पुसत होत्या. "ते तसंच करायचे," त्या म्हणाल्या. "एकदा हुंगायचे आणि वडी ठेवून खिडकीशी जायचे. बाहेर बघत उभे राहायचे. मग परत येऊन हुंगायचे. मला वाटायचं, उगाच मिजास. मी म्हणायचे, वाढवा थोडा, ते म्हणायचे, पुरे." त्यांनी ताटली खाली ठेवली. "म्हणजे त्यांना येत होता."

"येत असणार."

"आणि मला कधी म्हणाले नाहीत."

"तुम्हाला येतोय असंच वाटलं असेल त्यांना. तुम्ही ताजा म्हणायचा ना."

सासूबाईंनी तोंड मोरीकडे फिरवलं. म्हाताऱ्या बाईला जवळ घ्यावं असं एक क्षण तिच्या मनात आलं. तिनं ओले हात पदराला पुसलेसुद्धा. तेवढ्यात सासूबाई वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर टेबलावरचं ते ओळखीचं कर्तेपण परत आलेलं होतं.

"तर मग असं करू," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "वडी कापली की आधी इकडे घरात आणायची. तू हुंगायची आणि मला सांगायचं, जास्त की कमी. मग मी टेबलावर सांगेन. तुझं ऐकलं जाईल. दीडशे म्हण, सव्वाशे म्हण, तू म्हणशील तेच होईल. या दोघांनाही कळायला नको. आपल्या दोघींतच राहील."

नणंदेचं ते 'घरातच चोर' परवडलं, पण हे प्रेमानं मागितलेलं जास्त जड होतं. हो म्हटलं असतं तर घर उद्या सकाळी शांत झालं असतं. वास तिच्या मनासारखा झाला असता. ती पट्ट्या कापत राहिली असती, मागे उभी राहून, आणि पुढे बसलेल्या बाईच्या तोंडून स्वतःचं नाक ऐकत राहिली असती.

"नाही," ती म्हणाली.

"का? तुझंच तर ऐकतेय मी!"

"चोरून ऐकताय. मला उघड ऐकायला हवंय." ती सरळच म्हणाली, "आई, तुम्हाला वास येत नाही यात तुमचा काही दोष नाही. पण मला येतो, तो मी तुमच्या नावानं घेणार नाही."

"हट्टी आहेस," सासूबाई म्हणाल्या.

"आहे."

"मी अख्खा कारखाना उभा केलाय, माहीत आहे ना? हे गेले तेव्हा सतरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती."

"माहीत आहे. तो मोडायचा नाहीये म्हणूनच नाही म्हणतेय."

सासूबाईंनी फडकं दांडीवर टाकलं आणि बाहेर गेल्या. चालण्यात राग होता, पण पाय नेहमी आपटायचे तेवढे आपटले नाहीत.

चारला चहा झाला. तिनं चार कप भरले आणि बाहेर आणले. तिघं दिवाणखान्यात बसले होते, त्यांचं आपसात काहीतरी चाललं होतं आणि ती आल्यावर ते थांबलं. नवऱ्यानं कप घेतला आणि गोड आवाज काढला. "हे बघ, आम्ही विचार केलाय. तुला मिश्रणाच्या खोलीची मुख्य म्हणून दारावर पाटी लावून देतो. पगाराचंही बघू. वासाच्या टेबलाचं मात्र आहे तसं राहू दे. लोकांना त्या तीन सह्यांची सवय आहे."

"आणि तुम्हाला मान तर आहेच," नणंद म्हणाली. "तुमची मात्रा घेतलीच ना आम्ही?"

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या.

तिनं ट्रे खाली ठेवला. बसली नाही. आवाजही चढवला नाही. दूधवाल्याला उद्या किती दूध हवं ते सांगावं तसं सांगितलं.

"उद्या आठला कारखाना उघडला की मी आधी कामगारांना सांगणार आहे, की पाच महिने अर्क मी निम्मा घातला, कुणाला न विचारता. ती माझी चूक, मी माझ्या तोंडानं सांगीन. मग का घातला तेही सांगीन. त्यानंतर मी वासाच्या टेबलावर बसणार. उद्याच्या जांभळीवर चार सह्या होतील आणि जांभळीच्या वासाबद्दल माझी सही शेवटची असेल. हिरवी आणि पिवळी तुम्ही तिघं आधीसारखी बघा, त्यात मी बोलणार नाही. माझी सही चालणार नसेल तर अर्काचा डबा मी उघडणार नाही, आणि मी दुसऱ्या कुणाला मोजूनही देणार नाही. पट्ट्या उद्यापासून ज्याच्या त्यानं कापायच्या."